काउंटरवरच्या माणसाच्या हातात नेमकं किती असतं? (ग्राहकसेवा आणि विक्रीच्या नोकऱ्या: अनुभव हवेत)

कऱ्हाकाठ

ग्राहकसेवेत किंवा विक्रीत काम करतो म्हटलं की लोक टार्गेट किती ते विचारतात, नाहीतर फार शिव्या खाव्या लागतात का ते विचारतात. दोन्ही असतंच. पण बरीच वर्षं या कामात काढल्यावर मला वाटतं, माणूस थकतो तो वेगळ्याच गोष्टीने. समोरच्याची तक्रार खरी आहे हे कळत असतं, ती कशी सुटेल हेही ठाऊक असतं, आणि सोडवायचा अधिकार मात्र कुणी दिलेला नसतो. म्हणून हा धागा. दुकानात, बँकेत, फोनवर, रस्त्यावर, जिथे कुठे गिऱ्हाइकासमोर उभं राहून काम केलं असेल तिथलं सांगा. तुमच्या हातात किती होतं?

माझ्यापासून सुरुवात करतो. पुण्यात एका मोबाइल कंपनीचा मराठी प्रोसेस, म्हणजे मराठीतून ग्राहकांचे फोन घेणारं कॉल सेंटर, चालायचा. आधी तिथे फोन घ्यायचो, मग टीम लीडर झालो. त्या काळात निम्म्या भांडणांचं मूळ एकच असायचं: न मागता कॉलरट्यून नाहीतर क्रिकेटचा स्कोअर सुरू झाला आणि बॅलन्स कापला गेला. माण-खटावकडचा शेतकरी सकाळी रिचार्ज मारून रानात जायचा, संध्याकाळी घरी फोन लावायला जावं तर बॅलन्स संपलेला. तो चिडणार नाही तर काय. आम्ही सेवा बंद करून द्यायचो, १५५२२३ हा नंबर सांगायचो. पैसे परत द्यायला मात्र फोन घेणाऱ्याला अगदी छोटी रक्कम ठरवून दिलेली, तीही एका नंबरला ठराविक वेळाच. त्यावरची टीएलकडे (टीम लीडरकडे), त्याहून वरची बॅक ऑफिसला. बॅक ऑफिसचं उत्तर येईपर्यंत त्या माणसाने आणखी चार फोन केलेले असायचे, दरवेळी नव्या मुलाला पहिल्यापासून सगळं सांगत.

याच काळात आम्हाला नम्रपणे कसं बोलावं याचं ट्रेनिंग सारखं दिलं जायचं. आवाजात हसू ठेवा, 'मी तुमची अडचण समजू शकतो' हे वाक्य पहिल्या अर्ध्या मिनिटात आलंच पाहिजे. नाही आलं तर क्वालिटीवाले मार्क कापणार. मग जुलै २०१३ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दुसऱ्यांदा संमती घ्यायची. आमच्या फ्लोअरवर त्या प्रकारचे फोन कमी झालेले मी स्वतः पाहिले. मुलं तीच होती, त्यांचा नम्रपणाही तेवढाच होता. बदल वर झाला होता.

एएचटीबद्दलही सांगायला हवं. एएचटी म्हणजे एक फोन सरासरी किती वेळात संपवला त्याचा हिशोब. ९५ टक्के फोन ९० सेकंदांच्या आत उचलले जावेत असा ट्रायचा निकष होता. निकष ग्राहकाच्या भल्याचाच आहे. पण तो गाठायचा तर माणसं वाढवावी लागतात किंवा फोन आखूड करावे लागतात, आणि माणसांना पगार द्यावा लागतो. गावाकडचा म्हातारा माणूस आधी आपण कुठून बोलतोय ते सांगतो, पाऊस झाला की नाही ते सांगतो, मग मुद्द्यावर येतो. ते ऐकून घेणारी मुलगी माझ्या टीममध्ये होती. तिचे फोन पुन्हा येत नसत, म्हणजे काम पहिल्याच फटक्यात होत असे. पण एएचटीच्या यादीत ती कायम तळाला. तिच्यासाठी मी वर भांडायचो आणि दर महिन्याला तेच उत्तर ऐकून यायचो.

मोगरा

मी साडीच्या दुकानातलं सांगते. लग्नसराईत मुलीकडची दहा-बारा माणसं येतात, गादीवर बसतात, आणि तुम्ही माल काढायला लागता. एका बस्त्याला पन्नास-साठ साड्या सहज उलगडल्या जातात. त्यातल्या चार घेतल्या जातात. उरलेल्या पुन्हा मूळच्या घडीवर आणून, काठ जुळवून, त्याच कप्प्यात ठेवायच्या. घडी चुकली तर पुढच्या गिऱ्हाइकाला साडी जुनी वाटते.

अधिकाराचं म्हणाल तर भाव कमी करायचा हक्क फक्त गल्ल्यावर बसणाऱ्या शेठना. गिऱ्हाईक दोन तास माझ्याशी बोलतं, मुलीचा रंग, सासूची आवड, बजेट, सगळं मला सांगतं. शेवटी 'ताई, शेवटचा भाव बोला' म्हटल्यावर मी शेठकडे बघायचं. शेठ दोनशे रुपये सोडतात तेव्हा ते चांगले ठरतात, नाही सोडले तर मी नाट लावली असं होतं. यात शेठचं काही चुकतं असं मला वाटत नाही. दुकान त्यांचं आहे. पण बस्ता जमला तरी त्याचं श्रेय कुणी मला देत नाही.

मला खरं बोलायचंय ते उभं राहण्याबद्दल. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, हा नियम बहुतेक दुकानांत आहे, कुठे बोलून, कुठे न बोलता. सकाळी साडेदहाला उभं राहिलं की जेवणाचा अर्धा तास सोडून रात्री नऊपर्यंत. पायाच्या शिरा फुगलेल्या बायका मी प्रत्येक दुकानात पाहिल्या आहेत. मुतारी कुठे आहे आणि तिथे जायला कुणाला सांगावं लागतं, हा आणखी एक विषय. पाणीच कमी प्यायची सवय लागते आणि मग मूत्रमार्गाचे आजार होतात.

केरळमध्ये कोझिकोडच्या मिठाई तेरूवू या बाजारपेठेत कापडदुकानांतल्या बायकांनी याच दोन गोष्टींसाठी लढा दिला. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी 'पेनकूट्टू' नावाची संघटना उभी केली. आधी संडासासाठी भांडल्या, मग बसण्याच्या हक्कासाठी. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि दुकानात कामगारांना बसायची सोय देणं सक्तीचं झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यातच कलम ४४ होतं, उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून. कारखान्यातल्या पायांना जे सत्तर वर्षांपूर्वी कळलं ते दुकानातल्या पायांसाठी मागावं लागलं. एक स्टूल हवं असतं हो. तेवढ्याने विक्री कमी होत नाही.

दुसरी_पाळी

मोगराताई, मुतारीबद्दल लिहिलंत, फार बरं केलंत. आमच्याकडे बसायला खुर्ची होती, पण खुर्चीवरून उठायला परवानगी लागायची. ऑक्समध्ये, म्हणजे फोन घेणं थांबवून, किती मिनिटं गेली ते स्क्रीनवर लाल आकड्यात दिसायचं, आणि टीएलच्या स्क्रीनवरही.

मी परदेशी प्रोसेसला रात्रपाळी केली आहे. लोक झोपेबद्दल विचारतात. झोपेशी शरीर कसंतरी जुळवून घेतं. जुळवून घेता येत नाही ते घाणेरडं बोलणाऱ्या कॉलरशी. आम्हाला फोन आपणहून ठेवायला बंदी होती. तीन वेळा इशारा द्यायचा, मग टीएलला विचारायचं, मग ठेवायचा. तो इशारा देईपर्यंत समोरचा माणूस त्याला जे बोलायचं ते बोलून घेतो.

बऱ्याच मुलींना माहीत नसतं म्हणून लिहिते. लैंगिक छळविरोधी २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या सहकाऱ्यापुरता नाही. कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि छळ करणारा बाहेरचा असला तरी त्याच्यावर कारवाई करायला मालकाने तिला मदत करायची आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. आम्ही काही जणींनी मिळून समितीकडे लेखी अर्ज दिला. त्यानंतर आमच्या प्रोसेसमध्ये एका इशाऱ्यानंतर फोन ठेवता येऊ लागला. फोन बंद करायचा तेवढा अधिकार हातात आल्यावर रात्री किती हलक्या झाल्या, ते त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही.

कॅबचंही. २००७ मध्ये पुण्यात बीपीओतल्या एका तरुणीचा कंपनीने लावलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने खून केला होता. सुरक्षारक्षक असल्याशिवाय बाईला गाडीत पहिली घ्यायची नाही आणि शेवटी सोडायची नाही, हे नियम त्यानंतर गंभीरपणे पाळले जाऊ लागले. नव्याने लागलेल्या मुलींना रक्षकाची वाट बघत थांबणं कटकटीचं वाटतं. थांबा. तो नियम कुणाच्या तरी जिवाच्या मोलाने आलेला आहे.

सदाशिवकर

सगळ्यांचं वाचलं, वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू मांडतो. माझी आई ८० ची. एका बँकेत मुदत ठेव मोडून नवी करायला गेली आणि घरी आली ती विमा पॉलिसी घेऊन. दरवर्षी हप्ता भरायचा, दहा वर्षं. तिला सांगितलं होतं 'एफडीसारखंच आहे आजी, व्याज जास्त'. काउंटरवर गोड बोलणारा मुलगा होता. त्याच्या हातात काही नव्हतं म्हणता, पण आईच्या हातात पेन त्यानेच दिलं. अधिकार नसतो हे मान्य, पण खोटं बोलायचं की नाही एवढं तरी ज्याच्या त्याच्या हातात असतं ना?

पासबुक

सदाशिवकर, आधी कामाचं विचारते. पॉलिसीचा कागद हातात येऊन ३० दिवस झालेत का? झाले नसतील तर आजच विमा कंपनीला लेखी कळवा की फ्री लूकमध्ये (पॉलिसी वाचून परत करायच्या मुदतीत) पॉलिसी परत करायची आहे. तेवढ्या दिवसांचा जोखमीचा भाग, वैद्यकीय तपासणी आणि स्टॅम्पचा खर्च वजा करून पैसे परत मिळतात. बँकेच्या शाखेत तोंडी सांगू नका, 'बघतो, साहेब रजेवर आहेत' यात दिवस जातात. मुदत उलटली असेल तर फसवून विकल्याची तक्रार आधी विमा कंपनीकडे करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. अर्जात आईचं वय, उत्पन्नाचं साधन आणि ती मुदत ठेवीसाठी गेली होती हे स्पष्ट लिहा. ज्या दिवशी ठेव मोडली त्याच दिवशी पॉलिसीचा हप्ता गेला, हे पासबुकात दिसतं. तो तुमचा सर्वांत मोठा पुरावा.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. मी बँकेत त्याच बाजूला बसत होते. सकाळी दहाला कॉन-कॉल, त्यात प्रत्येक शाखेने आज किती विमा देणार ते 'कमिट' करायचं. दुपारी व्हॉट्सॲपवर आकडे. संध्याकाळी रिव्ह्यू, ज्याचा आकडा शून्य त्याने सगळ्यांसमोर कारण सांगायचं. ठेवी आणणाऱ्याला 'छान' म्हणतात आणि विमा आणणाऱ्याचं नाव झोनच्या ग्रुपवर झळकतं. अशा जागी बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा दिवसभर बसतो. त्याच्या घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता असतो, प्रोबेशन संपायचं असतं.

यातलं काहीही त्याला खोटं बोलायची मुभा देत नाही, तुमचं बरोबर आहे. मी स्वतः म्हाताऱ्या एकट्या ठेवीदारांना विमा विकायला नकार दिला आणि त्याची किंमत बदलीत मोजली. पण सगळ्यांना ती किंमत परवडत नाही. तक्रार करताना त्या मुलाचं नाव लिहा, जरूर लिहा. सोबत त्या शाखेला विम्याचं टार्गेट किती होतं ते विचारा. तो प्रश्न कागदावर आला की उत्तर वरच्या माणसाला द्यावं लागतं.

सदाशिवकर

धन्यवाद ताई. कागद येऊन तीन आठवडे होतायत, म्हणजे मुदतीत आहे. उद्याच पाठवतो. टार्गेटचंही लिहितो.

कऱ्हाकाठ

पासबुकताईंच्या मुद्द्याला जोडून: मोबाइलच्या तक्रारीतही दोन पायऱ्या आहेत हे फार कमी लोकांना माहीत असतं. फोनवर तक्रार केली की डॉकेट नंबर घ्या. त्याने काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपीलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. तिथे बसलेल्या माणसाला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त अधिकार असतात. फोन घेणाऱ्यावर ओरडण्यात गेलेली दहा मिनिटं अपील लिहिण्यात घालवली तर काम होण्याची शक्यता जास्त. हे मी फोनवर सांगू शकत नव्हतो, स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

निळी_बॅग

मी एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. सांगली हेडक्वार्टर, तासगाव, विटा, जत एक्स-स्टेशन, म्हणजे जाऊन त्याच दिवशी परत यायची गावं. दिवसाला दहा-बारा डॉक्टर आणि पाच-सहा केमिस्ट. डॉक्टरांच्या दाराबाहेर पेशंट संपायची वाट बघत उभं राहायचं, मग आत दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांसाठी आम्ही बीएस्सी, बीफार्म होतो.

केमिस्टकडचा प्रश्न तुमच्या विषयाशी नेमका जुळतो. एक्स्पायरी झालेला माल परत घ्यायचा असतो. केमिस्ट तो स्टॉकिस्टला (घाऊक विक्रेत्याला) देतो, स्टॉकिस्ट क्लेम कंपनीला पाठवतो, आणि क्रेडिट नोट यायला महिने लागतात. या सगळ्यात माझी सही कुठेच नसते. पण दुकानात शिरलो की केमिस्ट म्हणतो, 'आधी माझ्या एक्स्पायरीचं सांगा, मग नव्या ऑर्डरचं बोला'. तो बरोबरच असतो. मी आल्यापावली निघतो आणि माझ्या महिन्याच्या आकड्यात ते दुकान शून्य दिसतं. मग महिनाअखेरीला मॅनेजर म्हणणार, स्टॉकिस्टकडे माल टाक. विकला जाणार नाही हे त्याला माहीत असतं, मला माहीत असतं, स्टॉकिस्टला माहीत असतं. तोच माल दीड वर्षाने एक्स्पायरी होऊन माझ्याकडेच परत येतो.

आम्हाला एक गोष्ट लढून मिळालेली आहे, ती तरुण पोरांना माहीत असावी. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. ठरलेल्या नमुन्यातलं नेमणूकपत्र, रजा, हे सगळं त्यात आलं. संघटनांनी त्यासाठी आयुष्यं घातली. पुढे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एमआर हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला कामगार नाही असा निकाल दिला, तेव्हा हा वेगळा कायदाच आधार राहिला. आता तेरा जुने कायदे एकत्र करणाऱ्या २०२० च्या श्रमसंहितेत तो सामावला गेला आहे. जुन्या माणसांना काळजी आहे की तेरा कायद्यांच्या गाठोड्यात आमचं छोटं गाठोडं हरवायला नको. मलाही आहे.

मार्च २०२४ पासून औषधविक्रीची नवी आचारसंहिता आली. डॉक्टरांना भेटवस्तू बंद, आणि सॅम्पलवर मर्यादा: एका औषधाची एका डॉक्टरला वर्षाला जास्तीत जास्त बारा पाकिटं. मला हे पटतं. भेटवस्तूंच्या काळात माझं शिक्षण कुणाला नको असायचं. आता निदान औषधाबद्दल बोलायला लागतं.

शेवटची_गाडी

मी एसटीत वाहक आहे, मराठवाड्यात. आमची नोकरी तुम्ही ग्राहकसेवेत धरता का माहीत नाही, पण दिवसाला पाचशे माणसांशी बोलणं होतं.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. दोन्ही योजना चांगल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना लेकीकडं जाता येतं, हे मी रोज बघतो. पण आजीबाई आधारकार्ड घरी विसरून आली की नियमाप्रमाणं मला तिकीट काढावं लागतं. तिचं वय तोंडावर लिहिलेलं असतं. सगळी गाडी मला म्हणते, 'अहो जाऊ द्या की, दिसतंय की वय'. जाऊ दिलं आणि पुढच्या फाट्यावर तपासणी पथक चढलं तर केस माझ्यावर होते, गाडीवर होत नाही. पुढं चौकशी, खुलासे. म्हणून कधी पदरचे पैसे घालून तिकीट काढलंय. माझ्यासारखे वाहक किती तरी आहेत, कुणी सांगत नाही.

आंतरराज्य गाडीवर आणखी एक. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. सोलापूरहून विजयपूरला जाणाऱ्या बाईला हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढं पूर्ण असा हिशोब समजावून सांगायचा, गर्दीत उभं राहून, एका हातानं दांडा धरून. तिला वाटतं मी वरचे पैसे खिशात घालतोय. मशीनमधून निघालेलं तिकीट दाखवतो, तरी वाटतं.

जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. निर्णय मुंबईत झाला, त्याबद्दलचा पहिला राग मात्र पहाटेच्या पहिल्या गाडीच्या वाहकानं ऐकला. मला त्याचं काही विशेष वाटत नाही, लोकांना दुसरं दिसणार तरी कोण. मागणं एवढंच की असा निर्णय होतो तेव्हा आदल्या दिवशी स्टँडवर मोठ्या अक्षरांत फलक लावा. आम्हाला सुट्टे पैसे भरपूर देऊन पाठवा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

राईनकाठ

जर्मनीत शिकायला आलो, सेमिस्टर चालू असताना एका सुपरमार्केटमध्ये कॅशवर काम करतो. मोगराताई, इथे कॅशवरचा माणूस बसून काम करतो. खुर्ची उंची कमीजास्त करता येणारी. पहिल्या दिवशी मी सवयीने उभा राहिलो तर शिफ्टच्या बाईंनी बसायला लावलं, उभं राहून स्कॅन केलं तर कंबर जाईल म्हणाल्या. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी येते. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं आणि मलाही तेवढंच मिळायचं. वेग इथेही मोजतात, मिनिटाला किती वस्तू स्कॅन केल्या ते. गिऱ्हाईक गोड बोलतंच असं नाही, पण माझ्याकडून हसण्याची अपेक्षाही नसते. नमस्कार, रक्कम, धन्यवाद, संपलं. ज्यांना गावाकडच्या दुकानाची सवय आहे त्यांना हे कोरडं वाटेल. मला विश्रांती वाटते.

एक्स्चेंजचं मात्र मला आवडलं: पावती असेल आणि वस्तू न उघडलेली असेल तर कॅशवरचा माणूसच परत घेतो. कुणाला विचारायला लागत नाही.

ओवी_जळगाव

मी इथे नेहमी फक्त वाचते. माझ्या मुलीला बारावीनंतर मॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टीव्ही विकायची नोकरी मिळतेय. पगार 'अठरा ते पंचवीस' सांगितलाय. कॉलेज बाहेरून करणार म्हणते. घरी तिचे काका नको म्हणतात, दिवसभर परक्या माणसांशी बोलायचं म्हणून. मला तसं काही वाटत नाही, पण होकार देण्याआधी काय विचारावं हे कळत नाही. माहितगारांनी सांगावं.

डेमोपीस

ओवीताई, मी याच कामातून वर आलो, आता एका ब्रँडसाठी चार जिल्हे बघतो. नीट सांगतो.

पहिलं, ती नेमकी कुणाची नोकर आहे ते विचारा. दुकानात टीव्हीसमोर उभ्या असलेल्या मुलामुलींपैकी बरेच जण दुकानाचे नसतात. ते एका ब्रँडचे प्रमोटर असतात, आणि बहुतेक वेळा ब्रँडचेही नसतात, मधल्या एजन्सीच्या पेरोलवर असतात. म्हणजे टी-शर्ट एकाचा, हजेरी दुसऱ्याच्या दुकानात, पगार तिसऱ्याकडून. पगार अडकला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून नेमणूकपत्र हवं, आणि त्यावर एजन्सीचं नाव, पत्ता, पद, पगार लिहिलेलं हवं. व्हॉट्सॲपवरचा 'सिलेक्टेड' मेसेज म्हणजे नेमणूकपत्र नव्हे.

दुसरं, 'अठरा ते पंचवीस' यातलं नक्की किती आणि अंदाजे किती? निश्चित पगार वेगळा लिहून मागा. इन्सेंटिव्ह कशावर आहे तेही: टीव्हीच्या संख्येवर, रकमेवर, की सोबत एक्स्टेंडेड वॉरंटी विकण्यावर. आणि पगाराच्या पावतीवर पीएफचा यूएएन (खात्याचा नंबर) आणि ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) नंबर येतो का ते पहिल्या महिन्यालाच बघा. २१ हजारांपर्यंतच्या पगाराला ईएसआय लागू होतो, घरच्यांच्या औषधपाण्याला त्याचा उपयोग होतो.

दुकान किती वाजता बंद होतं आणि मुलगी घरी कशी येणार हे तुम्ही स्वतः जाऊन बघा. सणासुदीला, विशेषतः दसरा ते दिवाळी, साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. बदली सुट्टी मिळते का ते विचारा. जादा वेळेचा मोबदला दुप्पट दराने हा महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्यातला नियम आहे. छोट्या दुकानांना तो कायदा पूर्ण लागू होत नाही, पण मॉलमधल्या मोठ्या दुकानाला होतो.

आणि काकांना सांगा, टीव्ही विकणारी मुलगी सहा महिन्यांत माणसं ओळखायला शिकते. नवरा-बायको टीव्ही बघायला आले तर निर्णय कोण घेणार, आज घेणार की नुसता भाव काढायला आलेत, हे तिला दारातच कळायला लागतं. आमच्या टीममधल्या सर्वांत चांगल्या मुली जळगाव-भुसावळकडच्याच आहेत.

शेतीशाळा

ओवीताईंना एक वेगळी वाटही सुचवते. मुलीला शेतीची आवड असेल तर कृषी पदवी करून किसान कॉल सेंटरसारख्या ठिकाणी काम मिळू शकतं. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं, नंबर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०. फोन उचलणारा कृषी पदवीधर असतो.

मूळ धाग्याचं उत्तरही त्यात आहे असं मला वाटतं. मी कृषी सल्ल्याचे फोन घेतले आहेत. शेतकरी विचारतो, कपाशीचं पान लाल पडलंय, काय मारू? मी त्याला आधी विचारते, पान कडेनं लाल आहे की पूर्ण, पाऊस कधी झाला, खत काय दिलं, पानामागे तुडतुडे दिसतात का. कधी उत्तर असं असतं की काहीच फवारू नका, मॅग्नेशियम कमी पडलंय किंवा पाणी साचलंय. त्याचे फवारणीचे पैसे वाचतात. मला विकायचं काहीच नसतं, म्हणून हे सांगता येतं. अडलंच तर फोन वरच्या तज्ज्ञाकडे देता येतो. इतर ठिकाणच्या मैत्रिणींचं ऐकते तेव्हा वाटतं, काम तेच आहे, फोनवर बोलण्याचं. फरक इतकाच की आम्हाला उत्तर माहीत असलं तर ते द्यायची मोकळीक आहे.

ओवी_जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. डेमोपीसदादा, आज एजन्सीला फोन केला. निश्चित पगार १४,५०० निघाला, बाकी इन्सेंटिव्ह. नेमणूकपत्र 'जॉइन झाल्यावर महिन्याने' म्हणतात. काय करावं?

डेमोपीस

जॉइन व्हायच्या आधी मागा. नवीन श्रमसंहितेत नेमणूकपत्र सगळ्यांनाच द्यायचं आहे, त्यामुळे मागण्यात वावगं काही नाही. ईमेलवर दोन ओळी लिहा: पद, निश्चित पगार, रुजू होण्याची तारीख, कामाचं ठिकाण कळवावं. ईमेलला उत्तर आलं तर तेही कागदच आहे. टाळाटाळ केली तर त्याच मॉलमध्ये दुसऱ्या ब्रँडच्या प्रमोटरला विचारा, त्यांची एजन्सी कोणती. सणाच्या आधी दोन महिने सगळ्यांनाच मुलं हवी असतात. १४,५०० ला घाईने हो म्हणू नका. इन्सेंटिव्हची स्कीम हातात पडली की इथे टाका, वाचून सांगतो.